धातू-उत्प्रेरकांची रचना आणि पॉलिमरच्या साखळीवरील नियंत्रण : तत्त्व, इतिहास व महाराष्ट्रातील संशोधन

प्रस्तावना

वाशिम जिल्ह्यातील रिठद व परिसरातील शेतीकडे रसायनशास्त्राच्या दृष्टीने पाहिले असता एक बाब प्रकर्षाने जाणवते. हरभऱ्याला पाणी देणाऱ्या तुषार संचाचे पाइप, भाजीपाल्याच्या सरीवरील ठिबकची काळी नळी, वाफ्यावर अंथरलेला मल्चिंगचा पातळ कागद, शेततळ्यातील अस्तर आणि बियाण्याची विणलेली पिशवी या सर्व वस्तू प्रामुख्याने केवळ दोन वायूंपासून तयार होतात. ते दोन वायू म्हणजे इथिलीन व प्रोपिलीन. पहिल्यात दोन कार्बन अणू असतात व दुसऱ्यात तीन. तथापि तुषार संचाचा पाइप ताठ असतो, ठिबकची नळी गुंडाळता येते, मल्चिंगचा कागद हाताने ताणला जातो आणि पिशवीचा धागा ओढूनही सहज तुटत नाही. कच्चा माल जवळपास एकच असताना गुणधर्मांत एवढा फरक का पडतो, हा प्रश्न विज्ञानाच्या विद्यार्थ्यालाच नव्हे तर कोणत्याही जिज्ञासू अभ्यासकाला पडण्यासारखा आहे.

या प्रश्नाचे उत्तर रेणूंच्या साखळीच्या रचनेत आहे आणि ती रचना मोठ्या प्रमाणावर एका धातूच्या अणूभोवतीच्या परिसराने ठरते. लहान रेणू म्हणजे मोनोमर एकामागून एक जोडले जाऊन जो प्रचंड रेणू तयार होतो, त्यास पॉलिमर किंवा बहुवारिक असे म्हणतात. ही जोडणी घडवून आणणारा पदार्थ म्हणजे उत्प्रेरक होय. उत्प्रेरकाचे काम अभिक्रियेचा वेग वाढविणे एवढेच आहे, असा एक सर्वसाधारण समज आढळतो. पॉलिमरच्या बाबतीत हा समज अपुरा ठरतो. येथे उत्प्रेरक वेगाबरोबरच साखळीची लांबी, तिच्या फांद्या, तिच्यावरील गटांची दिशा आणि तिच्यातील घटकांचा क्रमही ठरवितो. प्रस्तुत लेखात या नियंत्रणामागील तत्त्व, त्याच्या शोधाचा इतिहास, महाराष्ट्रात झालेले कार्य आणि प्लास्टिकच्या कचऱ्याच्या संदर्भात या विद्याशाखेवर आलेली जबाबदारी यांचे विवेचन केले आहे.

साखळीच्या रचनेची चार अंगे

पॉलिमरची रचना समजून घेताना चार बाबींचा स्वतंत्रपणे विचार करावा लागतो.

पहिली बाब म्हणजे साखळीची लांबी. इथिलीनचे रेणुवजन २८ आहे. दहा हजार इथिलीन रेणू जोडले गेले तर २,८०,००० रेणुवजनाची साखळी तयार होते. अतिउच्च रेणुवजनाच्या पॉलिइथिलीनमध्ये हा आकडा साधारणतः ३० लाखांच्या पुढे जातो, म्हणजे एका साखळीत एक लाखाहून अधिक इथिलीन घटक असतात. कृत्रिम गुडघ्याच्या सांध्यातील घर्षण सहन करणारा भाग याच पदार्थाचा असतो. केवळ सरासरी लांबी पुरेशी नसते. सर्व साखळ्या जवळपास सारख्या लांबीच्या आहेत की त्यांत मोठी तफावत आहे, हेही तितकेच महत्त्वाचे असते.

दुसरी बाब म्हणजे फांद्या. सरळ साखळ्या एकमेकींशेजारी नीट रचल्या जातात, त्यांचे स्फटिक बनतात आणि पदार्थ घट्ट व ताठ होतो. फांद्या असलेल्या साखळ्या जवळ येऊ शकत नाहीत, त्यामुळे पदार्थ मऊ व हलका राहतो. उच्च घनतेच्या पॉलिइथिलीनची घनता प्रति घन सेंटिमीटर साधारणतः ०.९४ ते ०.९७ ग्रॅम असते, तर कमी घनतेच्या प्रकाराची ०.९१ ते ०.९३ ग्रॅम असते. आकड्यांतील हा फरक किरकोळ वाटला तरी तुषार संचाचा पाइप व भाजीची पातळ पिशवी यांतील फरक बव्हंशी यातच सामावलेला आहे.

तिसरी बाब म्हणजे गटांची अवकाशीय मांडणी. प्रोपिलीन जोडले जाताना प्रत्येक घटकामागे एक मिथिल गट साखळीबाहेर राहतो. हे सर्व गट एकाच बाजूस असतील तर त्या रचनेस आयसोटॅक्टिक, आलटून पालटून दोन्ही बाजूंस असतील तर सिंडिओटॅक्टिक आणि कोणताही क्रम नसेल तर अटॅक्टिक असे म्हणतात. आयसोटॅक्टिक पॉलिप्रोपिलीन सुमारे १६५ अंश सेल्सिअसला वितळते व त्याचा मजबूत धागा निघतो. अटॅक्टिक पॉलिप्रोपिलीन मात्र चिकट व मऊ असते, त्याची पिशवी विणता येत नाही. दोहोंतील अणू तेच आणि त्यांची संख्याही तीच असते. त्यांच्यात फरक असतो तो फक्त दिशेचा.

चौथी बाब म्हणजे क्रम. साखळीत दोन प्रकारचे मोनोमर असल्यास ते विखुरलेले आहेत, आलटून पालटून आहेत की सलग गटांनी आहेत यावर पदार्थ प्लास्टिकसारखा वागेल की रबरासारखा, हे अवलंबून असते.

योगायोगातून मिळालेला मार्ग

१९३३ मध्ये इंग्लंडमधील आयसीआय या कंपनीच्या प्रयोगशाळेत गिब्सन व फॉसेट यांना अतिउच्च दाबाखाली इथिलीनपासून मेणासारखा पांढरा पदार्थ मिळाला. हेच कमी घनतेचे पॉलिइथिलीन होय. या पद्धतीत धातूचा उत्प्रेरक नसतो. मुक्तमूलकांच्या साहाय्याने साखळी वाढते, ती मध्येच स्वतःवर वळते आणि तिला अनियंत्रित फांद्या फुटतात. शिवाय हजार वातावरणांहून अधिक दाब सांभाळावा लागतो.

१९५३ मध्ये जर्मनीतील मुलहाइम येथील माक्स प्लांक कोळसा संशोधन संस्थेत कार्ल त्सिग्लर यांच्या गटास एक अनपेक्षित अनुभव आला. अ‍ॅल्युमिनियमच्या संयुगाबरोबर इथिलीन तापविले असता लांब साखळीऐवजी केवळ ब्युटीन तयार झाले. शोध घेता असे आढळले की अभिक्रियापात्रात आधीच्या प्रयोगातील निकेलचा अंश शिल्लक होता. धातूचा एवढासा अंश अभिक्रियेची दिशा बदलू शकतो, तर इतर धातू काय करतील, हा प्रश्न त्यातून निर्माण झाला. त्सिग्लर यांच्या सहकाऱ्यांनी पद्धतशीरपणे अनेक धातूंची संयुगे तपासली. झिर्कोनियमने उत्तम परिणाम दिला व टायटॅनियम टेट्राक्लोराइडने त्याहून सरस. सामान्य दाबाला व माफक तापमानाला सरळ साखळीचे पॉलिइथिलीन प्रथमच सहजसाध्य झाले. अमेरिकेत फिलिप्स कंपनीतील होगन व बँक्स यांनीही १९५१ मध्ये क्रोमियम ऑक्साइडच्या साहाय्याने असाच मार्ग स्वतंत्रपणे शोधला होता.

त्यानंतर मिलान येथे जुलिओ नाट्टा यांनी मार्च १९५४ मध्ये हाच उत्प्रेरक प्रोपिलीनवर वापरला. मिळालेल्या चिकट मिश्रणातून विद्रावकांच्या साहाय्याने त्यांनी एक स्फटिकी भाग वेगळा केला. क्ष-किरणांच्या अभ्यासाने त्यातील मिथिल गट एकाच बाजूस असल्याचे सिद्ध झाले. त्सिग्लर व नाट्टा यांना १९६३ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. पदवी अभ्यासक्रमात या उत्प्रेरकाचा उल्लेख बहुधा एका ओळीत येतो. त्यामागील खरा अर्थ असा की, सजीवांतील विकरांप्रमाणे दिशा ओळखून रेणू जोडण्याचे कार्य एक साधे क्षारही करू शकते, हे येथे प्रथमच स्पष्ट झाले.

धातूच्या केंद्रावर काय घडते

डच शास्त्रज्ञ कोसे यांनी अर्लमन यांच्यासमवेत १९६० च्या दशकात मांडलेले स्पष्टीकरण आजही मूलतः मान्य आहे. धातूच्या अणूभोवती एका जागी वाढती साखळी जोडलेली असते व तिच्या शेजारची एक जागा मोकळी असते. मोनोमरचा दुहेरी बंध त्या मोकळ्या जागेवर येऊन धातूशी सैल बंध जोडतो. त्यानंतर साखळी त्या मोनोमरवर सरकते व एक घटक वाढतो. साखळी जिथून सरकली ती जागा आता मोकळी होते व तेथे पुढील मोनोमर येतो. एका सेकंदात ही क्रिया असंख्य वेळा घडू शकते.

साखळी थांबते कशी, हेही पाहणे आवश्यक आहे. साखळीतील धातूपासून दुसऱ्या कार्बनवरचा हायड्रोजन धातूकडे गेला की साखळीच्या टोकाशी दुहेरी बंध तयार होतो आणि ती धातूपासून सुटते. साखळी वाढण्याचा व सुटण्याचा वेग यांचे गुणोत्तर म्हणजेच साखळीची लांबी. कारखान्यात हायड्रोजन वायूचे प्रमाण कमीअधिक करून ही लांबी हवी तशी ठेवली जाते.

येथे लिगँड या संज्ञेचे महत्त्व लक्षात येते. धातूला जोडलेल्या व त्याच्याभोवती ठरावीक आकार निर्माण करणाऱ्या रेणूस किंवा आयनास लिगँड म्हणतात. धातू जर कारागीर मानला तर लिगँड म्हणजे त्याच्या हातातील साचा होय. साच्याचा आकार बदलला की मोनोमर कोणत्या बाजूने आत येणार, साखळी किती काळ टिकणार आणि दुसऱ्या प्रकारचा मोनोमर स्वीकारला जाणार की नाही, हे सर्व बदलते. उत्प्रेरकाची रचना करणे म्हणजे मुख्यतः हा साचा घडविणे होय.

त्सिग्लर-नाट्टा उत्प्रेरक घनरूप असून त्याच्या पृष्ठभागावर अनेक प्रकारची सक्रिय केंद्रे असतात. प्रत्येक केंद्र आपापल्या परीने साखळी विणते. परिणामी मिळणारा पदार्थ म्हणजे निरनिराळ्या लांबीच्या व निरनिराळ्या रचनेच्या साखळ्यांचे मिश्रण असते. मॅग्नेशियम क्लोराइडच्या आधारावर टायटॅनियम बसवून व त्यात इलेक्ट्रॉनदाती संयुगे मिसळून उद्योगांनी हा दोष पुष्कळ कमी केला. आज एका ग्रॅम उत्प्रेरकापासून कित्येक किलोग्रॅम पॉलिप्रोपिलीन मिळते, त्यामुळे उत्प्रेरकाचा अवशेष धुऊन काढण्याची गरजही उरलेली नाही. तरीही प्रत्येक केंद्र सारखे असावे ही अपेक्षा अपुरीच राहिली होती.

मेटॅलोसीन : साचा आधी, साखळी नंतर

ही अपेक्षा मेटॅलोसीन उत्प्रेरकांनी पूर्ण केली. दोन पंचकोनी कार्बनी वलयांच्या मध्ये धातूचा अणू धरलेला असतो, अशी या संयुगांची रचना आहे. हॅम्बुर्ग विद्यापीठात झिन व कामिन्स्की यांच्या प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात असे दिसून आले की, अ‍ॅल्युमिनियमच्या संयुगात पाण्याचा अल्प अंश गेला असता निष्क्रिय वाटणारे हे उत्प्रेरक अतिशय क्रियाशील होतात. पाण्याशी झालेल्या अभिक्रियेतून मिथिलअ‍ॅल्युमिनॉक्झेन हे सहउत्प्रेरक तयार होते, हे त्याचे कारण होते. पाणी हा उत्प्रेरकाचा शत्रू मानला जात असताना त्यातूनच हा शोध लागला.

पुढील पाऊल खऱ्या अर्थाने नियोजित होते. ब्रिंट्झिंगर यांनी दोन्ही वलये एका सेतूने जोडून त्यांचे फिरणे थांबविले. या सेतुबद्ध रेणूत धातूच्या दोन्ही जागांची सममिती अशी असते की, साखळी कोणत्याही बाजूस असली तरी प्रोपिलीनला एकाच मुखाने आत यावे लागते. उजव्या हातमोज्यात डावा हात नीट बसत नाही, तसेच हे आहे. युएन यांनी १९८४ मध्ये टायटॅनियमच्या आणि कामिन्स्की व ब्रिंट्झिंगर यांनी १९८५ मध्ये झिर्कोनियमच्या अशा संयुगांपासून आयसोटॅक्टिक पॉलिप्रोपिलीन मिळविले. वलयांची सममिती बदलून दोन जागा एकमेकींच्या आरशातील प्रतिमांसारख्या केल्या, तेव्हा मोनोमर आलटून पालटून विरुद्ध मुखाने येऊ लागला. १९८८ मध्ये युएन व सहकाऱ्यांनी याच मार्गाने सिंडिओटॅक्टिक पॉलिप्रोपिलीन तयार केले. कोट्स व वेमथ यांनी १९९५ मध्ये सेतू काढून टाकला. वलये संथपणे फिरत राहिल्याने एकाच साखळीत काही भाग शिस्तबद्ध व काही भाग विस्कळीत तयार झाला आणि रबरासारखे ताणले जाणारे पॉलिप्रोपिलीन मिळाले. कागदावर काढलेल्या रेणूच्या सममितीवरून हातात येणाऱ्या प्लास्टिकचा गुणधर्म आधी सांगता येणे, हे या शोधांचे मर्म आहे.

ठिबकच्या नळीत व मल्चिंगच्या कागदात वापरले जाणारे रेषीय कमी घनतेचे पॉलिइथिलीन या संदर्भात अभ्यासण्याजोगे आहे. इथिलीनमध्ये ब्युटीन, हेक्झीन किंवा ऑक्टीन अल्प प्रमाणात मिसळून साखळीवर ठरावीक लांबीच्या आखूड फांद्या बसविल्या जातात. जुन्या पद्धतीच्या उत्प्रेरकात या फांद्या आखूड साखळ्यांवर दाट व लांब साखळ्यांवर विरळ पडतात. मेटॅलोसीनमध्ये त्या सर्व साखळ्यांवर सारख्या विखुरतात, त्यामुळे तोच ताण सहन करणारा कागद अधिक पातळ करता येतो.

निकेल, पॅलेडियम व चालणारा धातू

टायटॅनियम व झिर्कोनियम या धातूंना ऑक्सिजनची ओढ फार असते. अ‍ॅक्रिलेटसारखा ऑक्सिजनयुक्त मोनोमर आला की धातू दुहेरी बंधाऐवजी ऑक्सिजनला धरून बसतो आणि काम थांबते. आवर्तसारणीत उजवीकडे असलेल्या निकेल व पॅलेडियम यांना ही ओढ कमी असते. परंतु त्यांच्यावर साखळी लवकर सुटते, हा दोष होता. म्हणूनच त्सिग्लर यांच्या पात्रातील निकेलने ब्युटीनवरच थांबा घेतला होता.

ब्रुकहार्ट यांनी १९९५ मध्ये डायइमिन लिगँडवर मोठे गट बसवून धातूच्या वरची व खालची बाजू झाकली. साखळी सुटण्याचा मार्गच अडविला गेल्याने लांब साखळ्या मिळू लागल्या. त्याचबरोबर एक वेगळी घटना दिसून आली. धातू साखळीच्या टोकाशी न थांबता तिच्यावरून मागे चालत जातो व मध्येच कोठे तरी पुढची जोडणी करतो. परिणामी केवळ इथिलीनपासून, दुसरा कोणताही मोनोमर न मिसळता, फांद्या असलेले पॉलिमर मिळते. ग्वान व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखविले की, पॅलेडियमच्या बाबतीत इथिलीनचा दाब बदलून साखळीची घडण रेषीय प्रकारापासून झाडासारख्या अतिशाखीय प्रकारापर्यंत बदलता येते.

२००२ मध्ये ड्रेंट व सहकाऱ्यांनी फॉस्फीन-सल्फोनेट लिगँड असलेल्या पॅलेडियमच्या साहाय्याने इथिलीन व अ‍ॅक्रिलेट एकाच सरळ साखळीत गुंफले. शाई न धरणारे व रंग न चिकटणारे पॉलिइथिलीन ध्रुवीय गटांमुळे या गोष्टी स्वीकारू लागते. क्रमाच्या नियंत्रणाचे उत्तम उदाहरण २००६ मध्ये डाऊ कंपनीच्या आर्रिओला व सहकाऱ्यांनी दिले. दोन भिन्न उत्प्रेरक एकाच पात्रात ठेवून जस्ताच्या संयुगाकरवी वाढती साखळी एका उत्प्रेरकाकडून दुसऱ्याकडे नेली जाते. एक उत्प्रेरक कठीण भाग विणतो, दुसरा मऊ भाग विणतो व दोन्ही भाग एकाच साखळीत येतात.

महाराष्ट्रातील उद्योग व संशोधन

महाराष्ट्राचा या क्षेत्राशी संबंध जुना आहे. १९६८ च्या सुमारास ठाणे परिसरात पॉलिओलेफिन्स इंडस्ट्रीज या कंपनीने उच्च घनतेच्या पॉलिइथिलीनचे उत्पादन सुरू केले. रायगड जिल्ह्यातील नागोठणे येथे सार्वजनिक क्षेत्रातील आयपीसीएलचे संकुल उभे राहिले. ही कंपनी २००२ मध्ये निर्गुंतवणुकीनंतर रिलायन्सकडे गेली व २००७ मध्ये तिचे रिलायन्समध्ये विलीनीकरण झाले. या कारखान्यांचे तंत्रज्ञान प्रारंभी परदेशातून आले होते व त्या तंत्रज्ञानाचा गाभा उत्प्रेरक हाच होता. यंत्रे विकत घेता येतात, पण उत्प्रेरकाचे ज्ञान ज्याच्या हाती असते तोच उत्पादनाचा प्रकार ठरवितो. म्हणूनच देशी संशोधनाला येथे विशेष अर्थ प्राप्त होतो.

पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० मध्ये स्थापन झाली. उत्प्रेरकांच्या क्षेत्रात तिने दीर्घ परंपरा निर्माण केली. पॉल रत्नसामी यांच्या पुढाकाराने विकसित झालेला एन्सिलाइट हा झिओलाइट उत्प्रेरक १९८० च्या दशकात वडोदऱ्याच्या आयपीसीएल कारखान्यात प्रत्यक्ष वापरात आला. झायलीनशी संबंधित हा उत्प्रेरक पॉलिएस्टरच्या कच्च्या मालाला उपयुक्त होता.

पॉलिओलेफिनच्या उत्प्रेरकांबाबत स्वामिनाथन शिवराम यांचे कार्य महत्त्वाचे आहे. आयपीसीएलच्या संशोधन केंद्रातील अनुभव घेऊन ते पुण्याच्या प्रयोगशाळेत आले व २००२ ते २०१० या काळात तिचे संचालक होते. त्यांच्या गटाने मेटॅलोसीन व निकेल-डायइमिन प्रकारच्या उत्प्रेरकांवर संशोधन केले. उद्योगाचा प्रश्न व रेणूचा प्रश्न एकाच वेळी हाताळण्याची दृष्टी त्यामागे दिसते.

त्यानंतरच्या पिढीत त्याच प्रयोगशाळेत समीर चिक्कली यांच्या गटाने फॉस्फीन-सल्फोनेट पॅलेडियमवर कार्य केले. २०१५ मध्ये या गटाने एकाच कार्बनवर दोन ध्रुवीय गट असलेले मोनोमर इथिलीनच्या साखळीत समाविष्ट करता येतात, असे दाखविले. असे गर्दीचे मोनोमर धातूजवळ येणेच कठीण असल्याने हे यश लिगँडच्या रचनेचे आहे. अतिउच्च रेणुवजनाच्या पॉलिइथिलीनवरही येथे काम झाले आहे. टायटॅनियमच्या फिनॉक्सी-इमिन संयुगांवर साखळ्या सुट्या सुट्या वाढतात व एकमेकींत गुंतण्यापूर्वीच स्फटिकरूप होतात. गुंता कमी असल्याने हा पदार्थ वितळविल्याशिवायही ताणून अत्यंत मजबूत फिती बनविता येतात. जे पॉलिमर सर्वसाधारणपणे वितळूनही वाहत नाही, त्याच्या प्रक्रियेचा प्रश्न यंत्राऐवजी उत्प्रेरकाच्या पातळीवर सोडविण्याचा हा प्रयत्न आहे.

न तुटणारी साखळी व आजची जबाबदारी

सत्तर वर्षांच्या या प्रवासात उत्प्रेरकांनी साखळी अधिकाधिक मजबूत केली. आज नेमके तेच सामर्थ्य अडचणीचे ठरले आहे. पॉलिइथिलीनमध्ये केवळ कार्बन-कार्बन बंध असतात. मातीतील सूक्ष्मजीवांना त्यात पकडण्याजोगी जागा सापडत नाही. हंगाम संपल्यावर मल्चिंगचा पातळ कागद उचलताना फाटतो व त्याचे तुकडे मातीत राहतात. बांधावर जाळल्यास धूर होतो, गाडल्यास तुकडे तसेच राहतात. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील महापुरानंतर महाराष्ट्राने २००६ मध्ये ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर निर्बंध घातले आणि २०१८ मध्ये व्यापक बंदी आणली. कायदा वापर कमी करू शकतो. साखळीचा स्वभाव बदलणे मात्र रसायनशास्त्राचेच काम आहे.

या दिशेने दोन मार्ग दिसतात. पहिला मार्ग साखळीत मोजके कमकुवत दुवे ठेवण्याचा आहे. जर्मनीतील कॉन्स्टान्त्स विद्यापीठात मेकिंग यांच्या गटाने २०२१ मध्ये निकेलच्या उत्प्रेरकाने इथिलीनच्या साखळीत कार्बन मोनॉक्साइड अल्प प्रमाणात गुंफून एकेकटे कीटोन गट बसविले. पदार्थाचे गुण उच्च घनतेच्या पॉलिइथिलीनसारखेच राहिले, परंतु प्रकाशात त्या दुव्यांपाशी साखळी तुटू शकते. त्याच वर्षी या गटाने वनस्पती तेलापासून पॉलिइथिलीनसदृश पॉलिमर तयार करून ते अल्कोहोलच्या साहाय्याने पुन्हा मूळ घटकांत आणले व ९६ टक्क्यांहून अधिक घटक परत मिळविले.

दुसरा मार्ग मूळ मोनोमरच बदलण्याचा आहे. साखरेच्या किण्वनातून मिळणाऱ्या लॅक्टिक आम्लापासून लॅक्टाइड व त्यापासून पॉलिलॅक्टिक आम्ल बनते. उद्योगात यासाठी कथिलाचे संयुग उत्प्रेरक म्हणून वापरतात. अ‍ॅल्युमिनियम व जस्ताच्या नियोजित लिगँडयुक्त उत्प्रेरकांनी येथेही अवकाशीय मांडणीचे नियंत्रण साधले आहे. डाव्या व उजव्या रूपाच्या साखळ्या एकत्र स्फटिकल्या तर वितळणबिंदू सुमारे १७५ अंशांवरून २३० अंशांच्या आसपास जातो. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातील जेजुरी येथे प्राज इंडस्ट्रीज या कंपनीने अशा जैव-पॉलिमरची प्रात्यक्षिक सुविधा सुरू केली. उसाच्या राज्यात या घटनेला महत्त्व आहे. तथापि येथे सावधगिरीही हवी. पॉलिलॅक्टिक आम्ल शेतातील मातीत सहज कुजत नाही. त्यासाठी औद्योगिक कंपोस्टिंगमधील ६० अंशांच्या आसपासचे तापमान लागते. वेष्टनावरील विघटनशील हा शब्द वाचून ते बांधावर टाकून देणे योग्य ठरणार नाही.

महाविद्यालयीन अध्यापनातील स्थान

हा विषय मोठ्या प्रयोगशाळांपुरताच मर्यादित आहे, असे मानण्याचे कारण नाही. साखळीच्या रचनेचा गुणधर्मावरील परिणाम ग्रामीण महाविद्यालयातही साध्या साधनांनी दाखविता येतो. रेक्टिफाइड स्पिरिट व पाणी समप्रमाणात मिसळल्यास सुमारे ०.९३ ते ०.९४ घनतेचे मिश्रण मिळते. त्यात दुधाच्या रिकाम्या पिशवीचा तुकडा तरंगतो व उच्च घनतेच्या पॉलिइथिलीनच्या रंगहीन डब्याचा तुकडा बुडतो. दोन्ही पॉलिइथिलीनच आहेत, फरक फांद्यांचा आहे. ठिबकच्या काळ्या नळीचा तुकडा मात्र या प्रयोगास चालत नाही, कारण तिच्यात मिसळलेल्या काजळीमुळे घनता वाढते. हे कारण विद्यार्थ्यांना शोधावयास सांगितल्यास प्रयोगाचे मूल्य अधिक वाढते.

हा विषय अनेक विद्याशाखांना जोडणाराही आहे. सममितीची संकल्पना गणिताकडून येते, स्फटिकांची ओळख भौतिकशास्त्राकडून होते, मातीतील परिणाम वनस्पतिशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र अभ्यासतात आणि प्लास्टिकबंदीचा प्रश्न अर्थशास्त्र व राज्यशास्त्रापर्यंत पोहोचतो. गावातील एका हंगामात किती मल्चिंग वापरले जाते व त्यापैकी किती परत गोळा होते, याची नोंद विद्यार्थी प्रकल्पातून घेता येईल. अशा नोंदीशिवाय पर्यायी पदार्थाची शिफारस करणे कठीण आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पॉलिमरचे गुणधर्म मोनोमरइतकेच साखळीच्या लांबी, फांद्या, अवकाशीय मांडणी व क्रमावर अवलंबून असतात. या चारही बाबी धातू व त्याच्याभोवतीचा लिगँड यांच्या रचनेतून नियंत्रित करता येतात. या शास्त्राचा प्रारंभ योगायोगाने झाला असला तरी मेटॅलोसीनपासून पुढे ते नियोजनाचे शास्त्र झाले. महाराष्ट्रात उद्योग व पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा या दोन्ही पातळ्यांवर त्यात मोलाची भर पडली आहे.

तथापि आजवर उत्प्रेरकाच्या यशाचे मोजमाप साखळी किती जलद, किती लांब व किती मजबूत झाली, यावरून केले गेले. यापुढे ती काम संपल्यावर कोठे व कशी सुटणार, हाही त्या मोजमापाचा भाग व्हावयास हवा. टिकाऊपणा पाइपला व शेततळ्याच्या अस्तराला हवा आहे, एका हंगामाच्या कागदाला नको आहे. वापराच्या कालावधीनुसार साखळीचे आयुष्य ठरविण्याचे सामर्थ्य उत्प्रेरकाच्या रचनेत आहे आणि त्या सामर्थ्याचा उपयोग शेताच्या मातीपर्यंत पोहोचणे ही पुढील संशोधनाची दिशा असावयास हवी.